‘कुड हॅव’ लिहिले आणि आरोप झाला: भूतकाळातील शक्यता इंग्रजीत कशी मांडावी

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यंत्रातील गळतीचा अहवाल इंग्रजीत लिहिताना तुम्ही ‘द टेक्निशियन कुड हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह’ असे वाक्य लिहिले. तुमच्या मनात होते, ‘तंत्रज्ञाने व्हॉल्व्ह बंद केला असेल’. केला की नाही हे ठाऊक नाही, पण केलेला असणे संभवते. तुमच्या वरिष्ठांनी मात्र त्याचा अर्थ ‘तंत्रज्ञाला व्हॉल्व्ह बंद करता आला असता, पण त्याने केला नाही’ असा घेतला आणि तंत्रज्ञाकडून खुलासा मागवला. चूक कोणाची, आणि ‘कुड हॅव’, ‘मे हॅव’, ‘माइट हॅव’ या तिघांपैकी भूतकाळातील शक्यतेसाठी बरोबर कोणते, असे तुम्ही विचारता. जाता जाता तुम्ही आणखी एक शंका मांडली आहे, ती म्हणजे ‘हॅव’ असलेल्या अशा वाक्यात ‘यस्टर्डे’ चालते का. तिचेही उत्तर शेवटी देते.

चूक कोणाचीच नाही, असे मी म्हणेन, आणि हे तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. ते वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि त्याचे दोन्ही अर्थ इंग्रजीत रोजच्या वापरातले आहेत. मी बरीच वर्षे मराठी-इंग्रजी अनुवाद आणि अहवालांचे संपादन करत आले आहे, आणि दुसऱ्याचा मजकूर तपासताना ज्या जागी हात हमखास थांबतो त्यांत ‘कुड हॅव’ फार वर आहे. अशा वेळी मी लेखकाला कोणता शब्द हवा हे विचारत नाही. प्रत्यक्षात काय घडले हे तुम्हाला माहीत आहे का, एवढेच विचारते. माहीत नसेल तर तो तर्क करतो आहे. माहीत असेल आणि ती गोष्ट घडलेली नसेल, तर तो हुकलेल्या संधीबद्दल बोलतो आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूरच्या आहेत, आणि शब्दाची निवड त्यानंतर आपोआप सोपी होते.

मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही, कारण आपली क्रियापदे तो आधीच करतात. ‘बंद केला असेल’ हा तर्क आहे. ‘बंद केला असता’ हा संकेतार्थ आहे आणि त्यात ‘पण केला नाही’ हे गृहीतच धरलेले असते. पडताळा पाहायचा असेल तर दोन्ही वाक्यांच्या पुढे ‘पण केला नाही’ जोडून पाहा. ‘त्याने व्हॉल्व्ह बंद केला असता, पण केला नाही’ हे वाक्य बिनतक्रार पुढे जाते. ‘त्याने व्हॉल्व्ह बंद केला असेल, पण केला नाही’ हे मात्र कानाला लगेच खटकते, कारण आधी ‘माहीत नाही’ म्हणायचे आणि पुढच्याच श्वासात ‘माहीत आहे’ म्हणायचे, असे ते होते. इंग्रजीत ‘कुड हॅव’च्या पुढे ‘बट ही डिडन्ट’ही शोभते आणि ‘वुई डोन्ट नो’ही शोभते. तुमच्या वाक्यापुढे यांपैकी काहीच नव्हते, म्हणून वाचणाऱ्याने आपल्या मनातले जोडून घेतले. गळती झालेली होती, नुकसान समोर दिसत होते, आणि अशा वेळी वाचणाऱ्याच्या मनात ‘कोणीतरी काहीतरी करायला हवे होते’ हाच विचार आधी येतो.

‘शकणे’ हे क्रियापद इथे आपल्याला आणखी एका अडचणीत टाकते. शाळेत ‘कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकला’ हे इतके पाठ झालेले असते की मराठीत कुठेही ‘शक’ दिसले की हात ‘कुड’कडे जातो. आता ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवून पाहा: ‘त्याने व्हॉल्व्ह बंद केला असू शकेल’ आणि ‘तो व्हॉल्व्ह बंद करू शकला असता’. ‘शकणे’ दोन्हींत आहे, ‘असणे’ही दोन्हींत आहे, पण त्यांचा क्रम उलटा आहे. पहिल्यात ‘केला असू’ हे घडून गेलेल्या कृतीबद्दल आहे आणि ‘शकेल’ त्याच्यावर बाहेरून चढले आहे. म्हणजे शक्यता आजची आहे, ती मला आज वाटते, आणि कृती कालची. दुसऱ्यात ‘करू शकला’ हे आतले आहे आणि ‘असता’ बाहेरचे, म्हणजे शक्यताच कालची आहे, ती त्याच्या हातात होती आणि तिथेच संपली. इंग्रजीत हे तुकडे मागेपुढे करता येत नाहीत. मोडल क्रियापद (म्हणजे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांसारखे शक्यता किंवा गरज दाखवणारे साहाय्यक क्रियापद) आधी, मग ‘हॅव’, मग क्रियापदाचे तिसरे रूप, हा क्रम बांधलेला आहे, आणि एकाच क्रमात दोन्ही अर्थ कोंबावे लागतात. इंग्रजीची जवळची नातेवाईक असलेल्या जर्मन भाषेत या दोन अर्थांसाठी शब्दांची मांडणी वेगवेगळी होते, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. ‘शक्यता आजची की कालची’ हा प्रश्न माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते.

‘कुड’ हे मुळात ‘कॅन’चे भूतकाळी रूप, ‘माइट’ हे ‘मे’चे, ‘वुड’ हे ‘विल’चे आणि ‘शुड’ हे ‘शॅल’चे. ‘कुड’च्या स्पेलिंगमध्ये जो न उच्चारला जाणारा ‘एल’ आहे तो तर मूळचा नव्हेच. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या स्पेलिंगकडे पाहून तो पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास तिथे येऊन बसला. कालांतराने या रूपांतला भूतकाळ पातळ होत गेला. ‘इट कुड बी ट्रू’ म्हणजे ‘हे खरे असू शकेल’, आजच्या घडीला. ‘कुड यू ओपन द विंडो’ ही विनंतीही आत्ताचीच. रूप भूतकाळी, पण अर्थ वर्तमानाचा किंवा अनिश्चिततेचा, अशी त्यांची स्थिती झाली. मग घटना खरोखर मागे घडली हे सांगायचे कसे? मोडलनंतर क्रियापद मूळ रूपातच यावे लागते आणि मूळ रूपाला भूतकाळ नसतो. ती जागा भरायला ‘हॅव’ आणि तिसरे रूप आले.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ‘मे’ आणि ‘कॅन’ ही रूपे वर्तमानाचीच राहिली आहेत, त्यामुळे ‘मे हॅव’ आणि ‘कान्ट हॅव’ यांत शक्यतेचा विचार आजच होतो आणि ‘हॅव’ फक्त घटनेला मागे ढकलते. अर्थ एकच उरतो, तर्काचा. ‘कुड’ आणि ‘माइट’ यांच्यात मात्र जुना भूतकाळ अजून जिवंत आहे. तो कधी जागा होतो, कधी होत नाही. जागा झाला की शक्यता कालची ठरते आणि हुकलेल्या संधीचा अर्थ निघतो. झोपलेला राहिला की तर्काचा अर्थ निघतो. म्हणून ‘कुड हॅव’ आणि ‘माइट हॅव’ यांना दोन-दोन अर्थ आहेत आणि ‘मे हॅव’ला काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत एकच आहे.

अर्थात ‘काळजीपूर्वक लिहिलेल्या’ हे मी मुद्दाम म्हटले. ‘इफ ही हॅड वोर्न अ हेल्मेट, ही मे हॅव सर्व्हाइव्ड’ अशी वाक्ये बातम्यांत आणि बोलण्यात सर्रास आढळतात, आणि तिथे ‘मे हॅव’ हुकलेल्या शक्यतेसाठी वापरलेले असते. चांगले संपादक तिथे ‘माइट हॅव’ करतात. मीही करते, कारण ‘मे हॅव सर्व्हाइव्ड’ वाचणाऱ्याला क्षणभर तो माणूस अजून जिवंत असावा असे वाटते, आणि अशा विषयात एवढा क्षणही वाचकाला चुकीच्या समजुतीत ठेवू नये.

आता निवडीबद्दल माझे मत. अहवाल, जबाब, तक्रार, वैद्यकीय नोंद, म्हणजे ज्या मजकुरावर कोणाची तरी जबाबदारी ठरू शकते अशा कोणत्याही लेखनात तर्कासाठी ‘मे हॅव’ लिहावे आणि ‘कुड हॅव’ हे हुकलेल्या संधीसाठी राखून ठेवावे. ‘माइट हॅव’ तर्कासाठी वापरायला हरकत नाही, फक्त आजूबाजूच्या वाक्यांतून ‘माहीत नाही’ हे स्पष्ट व्हायला हवे. ‘माइट’ने ‘मे’पेक्षा शक्यता कमी दाखवली जाते असे पुस्तकांत वाचायला मिळते, काही जण तो फरक पाळतात, पण वाचणारा तो पाळेल याचा भरवसा नसतो, म्हणून शक्यतेचे प्रमाण सांगायचे असेल तर ते वेगळ्या शब्दांत सांगावे, मोडलच्या आडून सुचवू नये. बोलण्यात हे सगळे एवढे कडक पाळण्याची गरज नाही, कारण तिथे आवाजातला चढउतार आणि समोरचा प्रसंग मदतीला असतात. कोणी धापा टाकत येऊन ‘यू कुड हॅव फॉलन!’ म्हणाले तर ‘अरे, पडला असतास ना!’ हाच अर्थ आहे हे कोणालाही कळते, कारण न पडलेला माणूस समोर उभा आहे.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. एका अपघाताच्या चौकशीत प्रत्यक्षदर्शीचा मराठी जबाब इंग्रजीत आला होता आणि माझ्याकडे तपासणीसाठी आला. मूळ वाक्य होते, ‘चालकाने ब्रेक दाबला असेल, मी ते पाहिले नाही.’ अनुवादात होते, ‘द ड्रायव्हर कुड हॅव अप्लाइड द ब्रेक. आय डिड नॉट सी इट.’ मूळ वाक्यातल्या स्वल्पविरामाने जे दोन भाग एकत्र धरून ठेवले होते ते इंग्रजीत पूर्णविरामाने तुटले, आणि पुढे कोणीतरी सारांश करताना फक्त पहिले वाक्य उचलले. सारांशात चालकाला ब्रेक दाबण्याची संधी होती, असे झाले. चालकाने काय केले याबद्दल साक्षीदाराने एक अक्षरही ठामपणे सांगितले नव्हते. मी तिथे ‘मे हॅव अप्लाइड द ब्रेक, बट आय डिड नॉट सी इट’ केले आणि सारांशही बदलून घेतला. त्या अनुवादकाचे इंग्रजी माझ्यापेक्षा कमी नव्हते. मराठी वाक्यातल्या ‘असेल’कडे त्याचे लक्ष गेले नाही, इतकेच.

नकारात तर अधिक सावध राहावे लागते. ‘ही मे नॉट हॅव गॉट द मेसेज’ किंवा ‘ही माइट नॉट हॅव गॉट द मेसेज’ म्हणजे ‘त्याला निरोप मिळाला नसेल’. इथे ‘नॉट’ हे मिळण्याला लागते. ‘ही कुड नॉट हॅव गॉट द मेसेज’ आणि ‘ही कान्ट हॅव गॉट द मेसेज’ म्हणजे ‘त्याला निरोप मिळालेला असणे शक्यच नाही’, कारण इथे ‘नॉट’ शक्यतेलाच लागते. होकारात जे ‘कुड’ आणि ‘माइट’ एकमेकांच्या जागी बसतात असे वाटते, ते नकारात इतके दुरावतात की एक म्हणतो ‘कोण जाणे’ आणि दुसरा म्हणतो ‘छे, अशक्य’. ‘कॅन’चे आणखी एक वैशिष्ट्य असे की ‘ही कॅन हॅव गॉन’ असे साधे होकारार्थी वाक्य या अर्थाने होत नाही. ते फक्त नकारात आणि प्रश्नात येते. ‘व्हेअर कॅन शी हॅव गॉन?’ म्हणजे ‘कुठे बरे गेली असेल ती?’

‘कुड नॉट हॅव’ला हुकलेल्या शक्यतेचाही अर्थ आहेच: ‘ही कुड नॉट हॅव स्टॉप्ड द लीक’ म्हणजे ‘त्याला गळती थांबवता आलीच नसती’, मग त्याने प्रयत्न केलेला असो वा नसो. तंत्रज्ञाच्या बाजूने लिहायचे असते तर हेच वाक्य कामी आले असते. आभार मानताना म्हटले जाणारे ‘आय कुड नॉट हॅव डन इट विदाउट यू’ हे पाहून गोंधळ होतो, कारण काम तर झालेले असते. तिथे न घडलेली गोष्ट ‘तुमच्याशिवाय’ ही आहे. ‘तुम्ही नसता तर जमले नसते’, आणि तुम्ही होता म्हणून जमले.

तर्काची पातळी वाढली की ‘मस्ट हॅव’ येते. मराठीत आपल्याकडे यासाठी तीन पायऱ्या आहेत, ‘गेला असेल’, ‘गेला असावा’ आणि ‘गेला असणार’. रस्ता ओला दिसला, झाडांवरून पाणी ठिबकते आहे, आणि आपण म्हणतो, ‘पाऊस पडून गेला असावा.’ या ‘असावा’मागे डोळ्यांसमोरचा पुरावा आहे, आणि ‘असणार’मध्ये त्याच्याही पुढची खात्री. इंग्रजीत या दोन्हींसाठी बहुधा ‘मस्ट हॅव’ लिहावे लागते, आणि ‘असावा’ जरा सौम्य असेल तर ‘प्रॉबेब्ली’ घालून साधे भूतकाळी वाक्य करावे लागते. ‘असेल’ मात्र अवघड आहे. ‘एव्हाना पोहोचला असेल’ हे वाक्य कोण कोणत्या सुरात म्हणते यावर त्याचा अर्थ ‘कदाचित’पासून ‘नक्कीच’पर्यंत कुठेही जातो. त्यामुळे ‘असेल’चा अनुवाद करताना मी नेहमी आधीचे आणि नंतरचे वाक्य वाचल्याशिवाय मोडल ठरवत नाही. ‘मस्ट हॅव गॉन’ आणि ‘हॅड टु गो’ यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. पहिले ‘गेला असणार’, दुसरे ‘जावे लागले’.

आपल्याकडच्या इंग्रजीत ‘असेल’साठी ‘वुड हॅव’ वापरण्याची सवय फार आहे: ‘ही वुड हॅव रीच्ड बाय नाउ’. हे चूक म्हणता येत नाही, इंग्लंडमधले लोकही अंदाज बांधताना असे बोलतात. पण ‘वुड हॅव’ वाचले की बहुतेकांचे मन ‘इफ’ शोधू लागते, म्हणजे ‘पोहोचला असता, पण...’ हे पुढे येईल असे त्यांना वाटते. लेखी मजकुरात मी ते टाळते.

आता आपल्या लोकांची एक अशी चूक, जी तुमच्या प्रश्नात नाही पण तुमच्या अहवालात बहुधा सापडेल. ‘मी काल अहवाल पूर्ण करू शकलो’ याचे आपण ‘आय कुड फिनिश द रिपोर्ट यस्टर्डे’ करतो. मराठीतल्या ‘शकलो’मध्ये काम झाले हे आलेच. ‘मी पूर्ण करू शकलो, पण केला नाही’ असे आपण म्हणूच शकत नाही. इंग्रजी ‘कुड’मध्ये ते येत नाही. ‘कुड’ भूतकाळातली सर्वसाधारण क्षमता सांगते, ‘लहानपणी मला पोहता येत असे’ या प्रकारची, आणि त्यासाठी ‘आय कुड स्विम’ अगदी योग्य आहे. पण एका ठरावीक प्रसंगी एखादी गोष्ट जमली आणि झाली, हे सांगायला ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ लागते, आणि बऱ्याचदा नुसते ‘आय फिनिश्ड’ सर्वांत चांगले. याच कारणाने, व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला होता हे ठाऊक असते, तर ‘कुड क्लोज’ लिहिणे चुकले असते आणि ‘वॉज एबल टु क्लोज’ किंवा ‘क्लोज्ड’ लिहावे लागले असते. नकारात ही अट सुटते, ‘आय कुड नॉट ओपन द डोअर’ हे एका प्रसंगासाठीही चालते, कारण जमले नाही म्हणजे झाले नाही, दोन्ही एकच. दिसणे, ऐकू येणे, वास येणे या क्रियापदांनाही सूट आहे: ‘आय कुड हिअर फुटस्टेप्स’ म्हणजे पावले खरोखरच ऐकू येत होती.

भूतकाळातली शक्यता ‘हॅव’शिवायही व्यक्त होते, दोन ठिकाणी. पूर्वी एखादी गोष्ट कधीकधी घडत असे, हे सांगताना नुसते ‘कुड’ पुरते. ‘द जर्नी कुड टेक थ्री डेज’ म्हणजे ‘प्रवासाला कधीकधी तीन दिवस लागत’. इथे ‘हॅव’ घातले तर एकाच प्रवासाबद्दलचा अंदाज होऊन बसेल. दुसरे ठिकाण म्हणजे दुसऱ्याचे बोलणे सांगताना. ‘ती म्हणाली, मी कदाचित येईन’ याचे ‘शी सेड शी माइट कम’ होते, कारण शक्यता तिच्या बोलण्याच्या क्षणी पुढची होती. अनेक विद्यार्थी ‘सेड’ पाहून ‘माइट हॅव कम’ करतात आणि वाक्याचा अर्थ ‘ती आली असेल’ असा होतो.

एक वापर असा आहे की ज्याचे मराठी रूप मला फार आवडते. ‘यू माइट हॅव टोल्ड मी!’ किंवा ‘यू कुड हॅव टोल्ड मी!’ यात ना तर्क आहे ना संधीची नोंद, त्यात रुसवा आहे. ‘मला सांगायचे तरी होतेस!’ हे त्याचे नेमके मराठी. ‘मला सांगू शकला असतास’ असा शब्दशः अनुवाद केला तर रुसवा निघून जातो आणि नुसती माहिती उरते. तुमच्या अहवालातले ‘कुड हॅव’ वरिष्ठांच्या कानावर असा सूर घेऊनही आले असेल तर नवल नाही. ‘शुड हॅव’मध्ये तो सूर उघड असतो, ‘बंद करायला हवा होता’. ‘कुड हॅव’मध्ये तो आडून येतो, म्हणून वाचणारा त्याला अधिक हेतुपुरस्सर समजतो.

तुमचे वाक्य आता असे लिहा. काय घडले ते माहीत नसेल तर: ‘द टेक्निशियन मे हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह, बट वुई हॅव नॉट बीन एबल टु कन्फर्म धिस.’ पुराव्यावरून तसे दिसत असेल, समजा व्हॉल्व्हची मूठ बंद स्थितीत सापडली आणि त्या वेळी तिथे दुसरे कोणी नव्हते, तर ‘मस्ट हॅव क्लोज्ड’ लिहा आणि तो पुरावा त्याच वाक्यात द्या. व्हॉल्व्ह उघडाच राहिला हे सिद्ध झाले असेल आणि तो बंद करणे शक्य होते असे तुम्हाला खरोखर म्हणायचे असेल, तर ‘कुड हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह बट डिड नॉट’ असे पुरते लिहा, म्हणजे जे म्हणायचे ते उघडपणे म्हटले जाईल. आणि वरिष्ठांना मूळ वाक्याबद्दल कळवताना ‘माझी व्याकरणाची चूक झाली’ असे लिहू नका. ‘माझ्या वाक्याचे दोन अर्थ होतात, मला “बंद केला असेल” हा अभिप्रेत होता’ असे लिहा, कारण तंत्रज्ञावरचा ठपका निघण्यासाठी तेवढी स्पष्टता गरजेची आहे आणि ती लेखी असायला हवी.

राहिली ‘यस्टर्डे’ची शंका. ‘ही हॅज लेफ्ट यस्टर्डे’ चुकीचे आहे हे तुम्हाला शिकवलेले आहे आणि ते बरोबरच आहे, म्हणून ‘ही मे हॅव लेफ्ट यस्टर्डे’ लिहिताना तुमचा हात अडखळतो. पण हे दुसरे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. पहिल्या वाक्यातला ‘हॅज’ चालू काळाशी नाते सांगतो, म्हणून ‘काल’ त्याला सोसत नाही. मोडलनंतरचा ‘हॅव’ मात्र नुसता ‘हे मागे घडले’ एवढेच सांगतो. ‘लेफ्ट’, ‘हॅज लेफ्ट’ आणि ‘हॅड लेफ्ट’ या तिघांचे काम तो एकटा करतो. ‘मे’ काढून टाकले तर उरणारे वाक्य ‘ही लेफ्ट यस्टर्डे’ असेल, आणि त्यात ‘यस्टर्डे’ बसते, म्हणून इथेही बसते. कर्ता कोणीही असो, मोडलनंतर ‘हॅव’ हेच रूप राहते. ‘ही मे हॅज’ किंवा ‘शी माइट हॅड’ कधीच होत नाही. बोलताना हा ‘हॅव’ आखडून ‘कुडव्ह’ असा ऐकू येतो, आणि त्यावरून इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ‘कुड ऑफ’ लिहून बसतात. तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात ते एकदा आले आहे, तेवढे दुरुस्त करून घ्या.